दारावरचा कागद

"किंकाळ्या ऐकून घाबरू नका, आवाजाचा सराव चालू आहे," असा कागद तिनेच हौसेने दारावर चिकटवला होता. नव्या गेममध्ये अंतराळयानात राक्षसासोबत कोंडलेल्या बाईला तिचा आवाज होता. इमारतीतली पोरं गेम कधी येतोय म्हणून दिवस मोजत होती. आज दुपारी किंकाळी ऐकताच शेजारची कॉलेजवाली पोरगी धावत आली. नवऱ्याने दार वीतभरच उघडलं. त्याच्यामागे बायको ओठांवर रुमाल दाबून उभी होती. "काकू, आज तर कहर केलात! अंगावर काटाच आला. गेम येऊ द्या, बंदूक घेऊन सगळ्यात आधी मीच तुम्हाला सोडवणार!" रुमालाआडून ती बोलायला गेली, तोच नवरा हसला. "ऐकलंस ना? चाहते वाट बघतायत!" तिचं रेकॉर्डिंग संपून महिना उलटला होता. कागदाचा सुटलेला कोपरा त्याने अंगठ्याने नीट दाबला आणि दाराला आतून कडी घातली.