पाचशे पंचवीस पट

शाळेच्या दुर्बिणीच्या खोक्यावर ‘५२५ पट’ छापलेलं होतं. म्हणून गेली बारा वर्षं मी डोळ्याशी सगळ्यात ताकदीचं भिंग बसवूनच सातवीच्या पोरांना शनी दाखवत आलो. “कडं दिसलं का?” विचारलं की सगळी “व्हय सर” म्हणायची आणि पुस्तकातल्यासारखा कड्यासकट शनी वहीत काढायची.

यंदा ज्ञानेश्वरीनं मात्र एक धुरकट ठिपका काढला. “मला येवढंच दिसलं, सर. कडं न्हाई दिसलं.” मी वर्गासमोर तिच्या चित्रावर लाल फुली मारली आणि म्हणालो, “आधी नीट बघायला शीक.”

काल संध्याकाळी संगमनेरच्या कॉलेजातल्या मधुवंती मॅडम पोरांना आकाश दाखवायला शाळेत आल्या. त्यांनी माझं भिंग काढलं आणि सगळ्यात कमी ताकदीचं बसवलं. “एवढ्याशा दुर्बिणीला इतकी पट झेपत नाही, सर. चित्र मोठं होतं, पण पार पुसट होतं. आता बघा.”

मी डोळा लावला.



बारा वर्षांत पहिल्यांदाच मला शनीचं कडं दिसलं, पण तिथून डोळा काढायचा धीर होईना, कारण रांगेत माझ्यामागे ज्ञानेश्वरी उभी होती.