सेनापतीचा हिरवा कोट

“हिरवा?” मामांनी भिंग खाली ठेवलं. “अरे, जर्मन सेनापती आहे तो, अठराव्या शतकातला. लढायला निघालाय की बागकामाला?”

“शिकाऱ्यांच्या पलटणीचा सेनापती होता, मामा. रानात लपायचं तर हिरवाच कोट हवा.”

भाच्याने टेबलावरून फोटो पुढे सरकवला. जुन्या तैलचित्राचा फोटो. करारी चेहरा, लाल कॉलर, कमरेला रुपेरी पट्टा आणि गर्द हिरवा कोट.

फोटोशेजारी बोटभर उंचीचा शिशाचा सेनापती उभा होता. चेहरा, टोपी, बूट रंगवून झाले होते, कोट तेवढा कोरा होता. पुरावा नाही तर रंग नाही, हा मामांचा नियम. त्यांच्यामागे भिंतभर कपाटांत अशाच पलटणी रांगेने उभ्या होत्या. घोडदळ, तोफखाना, ढोल वाजवणारी पोरं. एकेकाळी दर रविवारी मामा-भाचे हे सैन्य टेबलावर मांडून फासे टाकत लढाया खेळत.

उद्या सकाळी संग्रहालयाची माणसं येणार होती. सेनापती रंगवून झाला की सैन्य पुरं झालं, मग सही करून देऊन टाकायचं, असं मामांनी परस्पर ठरवलं होतं. भाच्याला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. त्यातले निम्मे शिपाई त्याने रंगवलेले होते. दुधाचे दात पडायच्या वयापासून, याच टेबलाशी, मामांच्या मांडीवर बसून. मामांना दुसरं कुणीच नव्हतं. सही व्हायच्या आत ते गेले, तर सगळं त्याचंच होतं.

भाचा जुनी चित्रं दुरुस्त करायचा. त्याच्या कार्यशाळेतल्या एका कुलूपबंद खणात त्या काळची, सोमलापासून केलेली हिरवी भुकटी होती. हातमोज्यांशिवाय तिला कुणी शिवत नसे. ती त्याने एका छोट्या बाटलीत घोटून आणली होती, आणि प्रमाणाच्या बाबतीत हात चांगला सैल सोडला होता.

मामा हिरव्याला राजी झाले की संपलं. कारण कुंचल्याला टोक काढायला ते ओठ वापरत. कुंचला रंगात बुडवायचा, फडक्याला टेकवायचा, ओठांत धरून हलकेच फिरवायचा. भाच्याची आई होती तोवर करवादायची, “तोंडं बघा दोघांची! त्यापेक्षा बोका बरा, तो निदान दूध तरी चाटतो.”

मामांनी फोटो दिव्याखाली धरला.

“चित्रावरचं वार्निश पिवळं पडलं, की खालचा निळा हिरवा दिसतो. तूच सांगितलं होतंस मला.”

ते चित्र कधीच साफ झालेलं नव्हतं. म्हणूनच तर त्याने ते शोधून काढलं होतं.

“साफ केल्यानंतरचा फोटो आहे, मामा.”

“नक्की?”

“माझा धंदाच आहे तो.”

मामा बराच वेळ बघत राहिले. फोटोकडे की त्याच्याकडे, कळेना.

“तू म्हणतोस म्हणजे झालं,” ते शेवटी म्हणाले. “हिरवा तर हिरवा. ही बाटली नवीन दिसते?”

“त्या काळची छटा आहे. मुद्दाम तुमच्यासाठी घोटली.”

“वा, भाचेबुवा!”

मामांनी कुंचला बुडवला, फडक्याला टेकवला, तोंडाजवळ नेला. भाच्याने नजर खिडकीकडे वळवली. बाहेर कुणीतरी सायकल ढकलत चाललं होतं. तिचं चाक करकरत होतं.

“एक सांगायचं राहिलं,” मामा म्हणाले. कुंचला तसाच अधांतरी होता. “उद्या कुणी येणार नाहीये.”

“म्हणजे?”

“संग्रहालयाला नाही म्हणून कळवलं. तू इकडे फिरकेनास, तेव्हा वाटलं, पोराचं मन उडालं यातून. मी गेल्यावर धूळ खाण्यापेक्षा काचेत राहिलेलं बरं. पण या एका कोटासाठी तू जी वणवण केलीस ना, ती बघितली आणि माझी मलाच लाज वाटली. हे सगळं तुझं. मी मरायची वाट बघू नकोस, उद्याच घेऊन जा.”

मामा हसले आणि कुंचला ओठांकडे गेला.

“थांबा!”

भाच्याची खुर्ची मागे कलंडली. त्याने मामांचं मनगट घट्ट धरलं होतं.

“अरे, काय झालं?”

“द्या... द्या इकडे. कोट मी रंगवतो. माझाच आहे ना आता?”

“लहानपणीही असाच हिसकावून घ्यायचास!” मामांनी कुंचला त्याच्या हातात दिला, उठले आणि आपली खुर्ची त्याच्यापुढे सरकवली. “बस. आता ही पण तुझी.”

भाचा बसला. शर्ट पाठीला चिकटला होता, पण जीव भांड्यात पडला होता. कोट पुरा करायचा, मग धक्का लागल्यासारखं करून बाटली सांडायची, फरशी आपणच पुसायची. कुणाला काही कळणार नाही. मामांना तर कधीच नाही.

त्याने रंगवायला घेतलं. पाठ झाली, छाती झाली, बाह्या झाल्या. मामा खांद्याशी वाकून बघत होते.

“कॉलरपाशी जपून हं. केसाएवढी कड आहे तिथे.”

“माहितीये, मामा.”

“हात अजून तस्साच आहे रे तुझा.”

किती दिवसांनी हे शब्द ऐकले होते! भाचा लहान मुलासारखा खुलला आणि भिंगावर आणखी वाकला. आता फक्त ती कड राहिली होती. कुंचल्याचे केस जरा विस्कटले होते. डोळा भिंगावरून न हलवता त्याने कुंचला रंगात बुडवला, फडक्याला टेकवला, आणि मामांनी शिकवलं होतं तसं, ओठांत धरून हलकेच फिरवला.