छत्तीस नावांची यादी

दाराशेजारच्या भिंतीवर दोन थर्मामीटर टांगले होते. एक उघडा, दुसऱ्याच्या टोकाला ओल्या सुती कापडाची चिंधी. पहिल्या दिवशी दोन्हींच्या आकड्यांत सात अंशांचा फरक होता. आज अर्ध्या अंशाचा. ताईनं चिंधी बोटांनी चाचपून पाहिली. ओलीच होती. म्हणजे हवाच आणखी पाणी घ्यायला तयार नव्हती, आणि अशा हवेत माणसाचा घामही वाळत नाही.

तिनं आकडा वहीत लिहिला आणि वही मिटली. आज वडिलांकडून हो म्हणवून घेतल्याशिवाय ती हलणार नव्हती.

आबा लोखंडी दारासमोर खुर्ची टाकून बसले होते. टेकडी पोखरून हा निवारा त्यांनीच बांधून घेतला होता, स्वतःसाठी आणि तीन पैसेवाल्या मित्रांच्या कुटुंबांसाठी. दार चांगलं वीतभर जाडीचं.

"आबा, सहा वाजले. ऊन चढलं की रस्त्यावर माणूस अर्धा तासही टिकणार नाही. दार उघडायचं तर आत्ताच."

"आठ दिवस तुझी एकच टकळी."

"तुमचंही एकच उत्तर. बघू."

वहिनी मांडीवरच्या तान्ह्या मुलीला पुठ्ठ्यानं वारा घालत होती. "हे दार कुठून मागवलं, किती जणांनी उचललं, सगळं ऐकून झालं," ती म्हणाली. "आता ते उघडतं का, तेही एकदा दाखवा."

आबा हसले नाहीत. आतल्या मोठ्या खोलीत मुलं गाद्या सोडून फरशीवर झोपली होती. थंड हवेच्या तीन यंत्रांपैकी एकच घरघरत होतं. उरलेली दोन विश्रांती घेतायत, असं आबा सगळ्यांना सांगत.

"खाली खाणीत चारशे माणसं आहेत," ताई म्हणाली.

"मला सांगतेस? त्यांनीच तर बांधलं हे सगळं. काम संपलं त्या दिवशी मिस्त्री याच दारात हात जोडून उभा होता. आमच्या बायकापोरांना एक कोपरा द्या म्हणाला."

"आणि तुम्ही म्हणालात, जागा मोजून बांधली आहे."

"मोजूनच होती!" आबांचा आवाज चढला आणि तसाच उतरला. "मग ते दर सुट्टीला ती जुनी खाण आणखी खोल, गारवा लागेपर्यंत खणत बसले. मी हसलो. उंदरांचे धंदे म्हणालो, त्याच्या तोंडावर. तो विसरला असेल?"

"नाही विसरला. पण मी बोलले त्याच्याशी. यादी झाली आहे. छत्तीस नावं. अकरा मुलं, चार म्हातारी माणसं. आधी मुलं."

"मला न विचारता?"

"तुम्हाला विचारत बसले असते, तर यादी लहान होत गेली असती."

वहिनीचा हात थांबला. "मावतील एवढी?"

"सतरंजीला सतरंजी लावली की मावतात."

"आणि हवा?" आबांनी विचारलं. "एवढी माणसं वाढल्यावर?"

"आकडेमोड केली आहे मी. पुरते. मिस्त्रीची एकच अट आहे. हे माझ्या तोंडून नको, तुमच्या तोंडून ऐकायचंय त्याला."

आबा दाराकडे वळले. "एकदा बोललो, की माझं म्हणून काय राहिलं?"

"माणसं राहतील."

ताईनं बाळाच्या कपाळावर हात ठेवला. कालपासून ते रडलं नव्हतं. रडत नाही म्हणून काल सगळ्यांना बरं वाटलं होतं. तिनं आबांचा हात धरला आणि त्याच कपाळावर टेकवला. आत यंत्र अडखळलं, पुन्हा घरघरू लागलं.

आबा उठले. गुडघ्यावर हात रोवून, सावकाश. त्यांनी भिंतीवरचा फोन उचलला. पलीकडे लगेच कुणीतरी घेतला, जणू तिथेच बसून होतं.

"बोला, मालक."

"मालक नको म्हणूस." आबांनी घसा साफ केला. "मिस्त्री, आम्ही छत्तीस जण आहोत. तुमच्या खाणीत आम्हाला जागा द्याल का?"