मागची वायर

"आधी मागच्या सगळ्या वायरी काढा," मोबाइलवरच्या व्हिडिओतला माणूस म्हणाला.

पडद्यावरची चित्रं भरभर हलवणारं ग्राफिक्स कार्ड बदलायला शलाकाने तयार घेतलेला कॉम्प्युटर आज पहिल्यांदाच फिरवला. आजवर नवरा त्याला हात लावू देत नसे. "वायरी मी जोडल्यात. तू जाळशील." ती स्टुडिओसाठी करायची ते घरांचे थ्रीडी नमुने पडद्यावर अडखळायचे, तेव्हाही तो म्हणायचा, "मशीन चांगलंय. तुझाच हात जड." नमुने उशिरा येतात म्हणून दिवाळीत स्टुडिओने तिचं काम काढून घेतलं.

"आता मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डातून काढा."

कार्डात वायर नव्हतीच. त्याच्या तोंडावर कारखान्यातलं प्लास्टिकचं टोपण तसंच होतं. मॉनिटरची वायर वर, कार्ड वगळून मशीनच्या भलत्याच खाचेत खोचलेली होती. इतकी वर्षं ते कार्ड नुसतं बसून होतं.

तिने टोपण उपटलं, वायर तिथे लावली, मशीन चालू केलं. पडद्यावरचं घर सरसर फिरलं. अंगण, जिना, गच्ची. कुठेही अडलं नाही.

नवं कार्ड खोक्यातच राहिलं.

तिने नवऱ्याला बोलावून वायर कुठे होती ते दाखवलं आणि टोपण त्याच्या हातावर ठेवलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं.

"अगं, मग आधीच बघायचं नाही का?"