दंतवैद्याला वळसा

दंतवैद्याच्या दहा-बारा हात अलीकडे क्लाइव्हने सायकल थांबवली, तसं मागून येणाऱ्या त्याच्या बायकोला, लिंडललाही थांबावं लागलं.

दंतवैद्य म्हणजे खडक. पुरुषभर उंच, वरून सपाट, पुढे एकदम तुटलेला. सायकलसकट त्याच्यावरून झेप घ्यायची आणि खालच्या उतारावर चाकं टेकवायची. चुकलात तर दात गेलेच, म्हणून सायकल क्लबातल्या टवाळांनी हे नाव ठेवलं. क्लाइव्हला त्या खडकाचा कोण अभिमान! अख्खी वाट त्याने जंगलातून या खडकासाठी वळवून आणली होती. मध्येच पडून खुब्याचं हाड मोडलं, आत धातूची पट्टी बसली. लॉन्सेस्टनच्या डॉक्टरणीने तोंडावर सांगितलं, ‘सायकल चालवा हो, पण पुन्हा पडलात तर चालणं विसरा.’ तरी आज वाट उघडायला गडी हजर. ज्याने खणली त्याने सगळ्यांच्या आधी उतरायचं, हा क्लबाचा नियमच होता. खाली नदीपाशी मंडळी सॉसेज भाजत त्याचीच वाट बघत होती.

“मी उडी मारणार,” सकाळी टोस्टला व्हेजमाइट फासता फासता त्याने जाहीर केलं होतं. लिंडलने त्याच्या कपात चहा ओतला. सांगून ऐकणाऱ्यातला तो असता तर तिला कुदळ उचलावी लागली नसती.

“ही पानं ब्लॅकवुडची आहेत,” क्लाइव्ह खाली बघत म्हणाला.

“असतील.”

“लिन, इथे ब्लॅकवुड कुठंय?”

नव्हताच. आजूबाजूला सगळी मर्टलची झाडं आणि नेचे. ताजी माती झाकायला तिने पोतंभर पानं आणली, ती परसातल्या झाडाखालून झाडून. जन्म या जंगलात गेला आणि एवढं साधं सुचू नये! तिने मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला.

क्लाइव्ह उतरला. बुटाने पानं बाजूला सारत चार पावलं लंगडत गेला. खालून हातभर रुंदीची नवी वाट निघाली. खडकाला बगल देऊन नेच्यांमधून जाणारी, खाली पुन्हा मूळ वाटेला मिळणारी. ज्यांना उडी नको त्यांच्यासाठी क्लबाच्या वाटांवरच्या प्रत्येक खडकाला असा वळसा असतो. फक्त दंतवैद्याला नव्हता. ‘ज्याला झेपत नाही त्याने सायकल खांद्यावर घ्यावी,’ असं क्लाइव्हने सगळ्यांना ठणकावलं होतं. आणि या दरीत कुणाच्या बायकोकडे बघितलंत तर एखादवेळ माफी मिळेल, पण कुणाच्या वाटेवर न विचारता कुदळ मारलीत तर नाही. इथे तर बायकोनेच मारली होती.

“कधी खणलंस?”

“तू फिजिओकडे जायचास तेव्हा.”

“तू तर वाचनालयात जायचीस ना?”

“असं मी सांगायचे.”

“कुणासाठी एवढा उपद्व्याप?”

पोरांसाठी, पाहुण्यांसाठी, क्लबाच्या विम्यासाठी. उत्तरं तिने पाठ करून ठेवली होती. ऐनवेळी एकही आठवेना.

“माझ्यासाठी,” ती म्हणाली. “तू पडलास तेव्हा हेलिकॉप्टर येईपर्यंत तुझं डोकं मांडीवर घेऊन मी बसले होते. पुन्हा नाही बसायची मी, क्लाइव्ह. आता मला नाही झेपायचं ते.”

क्लाइव्ह दुखरा पाय लांब करून खाली बसला आणि तळहाताने माती चाचपू लागला. उतार दरीकडे होता, पाणी साचायचं नाही. ओल्या जागी दगड घट्ट बसवले होते. त्याने एक दगड हलवून पाहिला. दगड हलला नाही. तो खोट शोधतोय हे तिला कळत होतं, आणि तिला रागही येत होता आणि त्याची मायाही.

“हे मूळ का नाही तोडलंस? चाक घसरेल.”

“तुझ्याच वयाचं दिसलं. म्हटलं, राहू दे बिचारं.”

त्याच्या नाकातून फुर्र असा आवाज निघाला. हसला की चिडला, तिला कळलं नाही. तो सायकलच्या आधाराने उठला, हात पँटला पुसले.

“खणली त्याने आधी उतरायचं. हो पुढे.”

“आणि तू?”

“नियम आहे, लिन. तुझी वाट ही, माझी ती.” त्याने हेल्मेटचा पट्टा गळ्याशी करकचून आवळला.

तिला भांडायचं होतं. चांगलं कडकडून भांडायचं होतं. पण त्याचा तो आवाज तिच्या ओळखीचा होता, पुढे शब्द वाया जाणार हे तिला ठाऊक होतं. ती सायकलवर बसली आणि नेच्यांमध्ये शिरली.

आजवर ती कधी पुढे गेली नव्हती. कायम त्याची पाठ बघत उतरायची. आता समोर नुसती हिरवाई आणि सगळा जीव कानांत. आता तो मागे सरला असेल. आता पायडल मारलं असेल. आता खडकावर. आता धप्प होईल, आणि त्यानंतर काय ऐकू येईल ते देव जाणे. डोळ्यांत पाणी आलं, समोरचं दिसेना. मूळ चाकाखालून गेलं, हँडल थरथरलं, पण ती पडली नाही.

धप्प काही झालं नाही.

“अगं, ब्रेक सोड की बाई!” अगदी पाठीला लागून क्लाइव्ह ओरडला. “गोगलगाय परवडली! दोघंही आदळू इथे!”

लिंडलने मागे वळून पाहिलं नाही. तिने ब्रेक आणखी जरासा दाबला.