ताडमाड सेंटर आणि आमची बुटकी

बास्केटबॉलची अंतिम मालिका दोन-दोन अशी बरोबरीत होती आणि निर्णायक सामन्याआधीच आमच्या सगळ्यांत उंच खेळाडूचा घोटा मुरगळला. समोरच्या संघात बास्केटखाली खेळणाऱ्या ताडमाड सेंटरला अडवायला सरांनी आमच्या बुटकीला पाठवलं.

“सर, मी तिच्या खांद्यालाही लागत नाही.”

“दुसरं कोण उरलंय, बाई?”

पण बास्केटखाली चेंडू मिळाला, की ती सेंटर कोपरं अंगाशी आवळून खुदखुदायची आणि चेंडू निसटायचा. आम्ही एका गुणाने जिंकलो.

जाता जाता तिने बुटकीला दम भरला, “घरी ये, मग बघते तुला.”

सर घाबरले. “अगं, तू तिला केलंस तरी काय?”

“हातही लावला नाही, सर. नुसती बोटं नाचवली. ताईला गुदगुल्या व्हायला लहानपणापासून तेवढं पुरतं.”