आधी पाहुण्यांचं

तांड्यावरून कॉलेजला निघालेली निता ही पहिलीच पोर, म्हणून मंगरूळपीरच्या एका मंडळानं तिला शिष्यवृत्ती जाहीर केली. प्रवेशाची मुदत वाटपाच्या कार्यक्रमाच्याच दिवशी पाचपर्यंत, कॉलेज वाशीमला, आणि फी भरायची ती शिष्यवृत्तीच्या पाकिटातूनच. निता सकाळीच मंडपात येऊन बसली.

कार्यक्रम सुरू झाला तो पाहुण्यांच्या सत्कारानं. मग पाहुण्यांनी मंडळाचा केला, मंडळातल्यांनी एकमेकांचा उरकला. शाली उरल्या, म्हणून मंडपवाल्यालाही एक पांघरली. प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि वक्तशीरपणावर तासभर बोलले.

जेवणं झाली तरी नाव निघेना, तेव्हा निता धीर करून स्टेजमागं गेली. "काका, पाचच्या आत वाशीमले जा लागते. मले आधी देऊन द्या ना."

मंडळाचे अध्यक्ष उकंडराव डाफरले, "काहून घाई करून राह्यली वं? तुह्यासाठीच तं चालू हाय हे सारं!"

तिचं नाव पुकारलं तेव्हा कॉलेज कधीच बंद झालं होतं. हातात पाकीट, भोवती सगळे पाहुणे, फोटो निघाला. तिच्या डोळ्यांतलं पाणी पाहून उकंडराव गहिवरले.

"आनंदाचे आसू हायेत का, पोरी?"

"नाही काका. प्रवेश हुकला."

"अरेरे!" उकंडरावांनी हळूच तिच्या हातातून पाकीट काढून घेतलं. "मंग हे देता नाही येत. प्रवेश घेतलेल्यालेच देतो आमी. पण तू मनाले नको लावून घेऊ. फोटो तं मस्त निघाला ना!"